टिपरचं क्षौर

बाबा गेल्याच्या सहाव्या दिवशी कमलाक्षी आत्येनं जाहीर केलं, की आमच्या कुत्र्यानं क्षौर केलं.

सकाळची वेळ होती. पोदेर पाव देऊन नुकताच गेला होता. समाचाराला आलेल्या चार बायका पडवीत बसल्या होत्या आणि टिपर बाबांच्या रिकाम्या खाटेखाली कांबळीवर पडून मागच्या पायानं कान खाजवत होता. आत्या चहाचे पेले घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून थबकली. त्याच्या दोन्ही कानांच्या कडा उघड्या पडल्या होत्या, डोळ्यांभोवतीचे केस गेले होते, कोपरं गुळगुळीत झाली होती.

"बघा गो बायांनो," ती म्हणाली. "मुक्या जनावरान मालकासाठी केस दिल्यान."

बायकांनी बघितलं. एकीनं हात जोडले, मग बाकीच्या तिघींनी. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. पण हे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. क्षौर नाही एवढंच ठाऊक होतं, आणि एवढ्यानं आमच्या घरात कुणाचं तोंड बंद होत नाही.

हा चमत्कार घडायला कारण होतं, आणि ते खांद्यापर्यंत वाढलेलं होतं. बाबांना मुलगा नाही. अग्नी दिला रुद्रेशनं, माझ्या चुलतभावानं. अग्नी देणाऱ्यानं केस उतरवायचे असतात. पण जत्रेच्या नाटकात रुद्रेश यंदा राजपुत्र होणार होता आणि त्यासाठी त्यानं सहा महिने केस राखले होते. भटजींनी विचारलं तेव्हा त्यानं मानेवरची एक बट पुढे केली. भटजींनी ती कापली आणि शास्त्र झालं म्हणाले. भटजींचे चिरंजीव त्याच नाटकात सेनापती आहेत.

सर्वण गाव लहान आहे. तिसऱ्या दिवशी शेजारची जानकी विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "केसांचो टोप डिचोलीत भाड्यान मेळता. चुलतो मेळना." आत्येला ते लागलं. ती पेडण्याला दिलेली, पण माहेरच्या नाकाची काळजी तिनं कधी सोडली नाही. घराण्यातर्फे कुणीतरी केस द्यायला हवे होते. कुत्रा जवळ होता.

टिपर आमच्याकडे आला तो खाण बंद झाली त्या वर्षी. बाबा खाणीच्या वजनकाट्यावर अठ्ठावीस वर्षं होते. गाडी एकदा रिकामी आणि एकदा भरलेली अशी तोलल्याशिवाय त्यांना काहीच खरं वाटत नसे. शेवटच्या दिवशी काट्याच्या खोलीतून त्यांनी स्वतःचा पेला, एक पेन आणि खाणीच्या मातीच्याच रंगाचं हे पिल्लू एवढंच घरी आणलं.

दर रविवारी चहा झाला की ते त्याला पायरीवर आडवं करायचे आणि अंगठ्यानं केस उलटे फिरवत जायचे, शेपटीकडून मानेकडे. "वरून सगळ्यांचेच केस बरे दिसतात," म्हणायचे. "खाली बघायला हवं." खाली म्हणजे शेपटीच्या मुळाशी पिसवांची काळी घाण आहे का, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, पोटाखाली लाली आहे का. पावसाळ्यात भिजून आला की स्वयंपाक थांबवून त्याला पुसायचे, बगला आणि पंजे पुन्हा एकदा. मी वास्कोहून महिन्यातून एकदा यायची आणि पेपरमागून हे बघायची. मला वाटायचं, रिटायर माणसाचा वेळ जात नाही.

तरी बघितलेलं डोक्यात राहिलं होतं. सातव्या दिवशी मी आत्येला म्हटलं, "ह्याला डॉक्टरकडे नेते."

"सुतकात?"

"सुतक आपल्याला. त्याला कसलं सुतक?"

"केस दिल्यान म्हणजे सुतक इलाच."

"मग निदान औषधी साबणानं धुते."

"तू लावलंस साबण ह्या सात दिवसांत?"

मी लावला नव्हता.

"तुका लागू, माका लागू, आणि ज्यान केस दिल्यान त्याका नाय?" आत्या म्हणाली. "पुस्तकां वाचून वाचून तुझा असा झाला बाय."

लग्न न केलेल्या, महिन्यातून एकदा येणाऱ्या लेकीला घरात मत असतं, पण समाचाराला आलेल्यांना असतं तेवढंच. शिवाय बाबांच्या फोटोसमोर कुत्र्यावरून भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या वेळी ते मला मोठं शहाणपण वाटलं होतं.

रुद्रेशला शहाणपणाची अडचण कधीच नव्हती. त्यानं टिपरला मिठी मारून, गालाला गाल लावून मोबाईलवर व्हिडिओ काढला. "काकांनी माझे केस घेतले नाहीत," तो त्यात म्हणतो, "ज्याचं प्रेम जास्त त्याचे घेतले." आवाज नाटकातला. दोन दिवसांत तो व्हिडिओ कारापूरपासून वास्कोपर्यंत फिरला. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी मलाच पाठवला, खाली तीन रडके चेहरे लावून.

मग माणसं यायला लागली. बाबा जिवंत असताना ज्यांनी कधी आमची पायरी चढली नाही ती कुत्र्याचं दर्शन घ्यायला आली. कारापूरचं एक कुटुंब गाडी करून आलं, येताना फुलांचा हार घेऊन आलं, आणि तो बाबांच्या फोटोला की टिपरला ह्यावर दारात जरा कुजबुज झाली. टिपरला पडला. त्याच्या कपाळावरच्या उघड्या कातडीवर कुंकू लावत, आणि मग तोच हात आपल्या डोळ्यांना. तो रात्रभर निजत नाही, खाजवत बसतो, ह्याचाही अर्थ लागला: शोक. जेवत नाही: उपास. खाजवून खाजवून मांडीवर रक्त आलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली की असं प्रायश्चित्त माणसालासुद्धा जमत नाही. बाराव्याला त्याला पान वाढलं. त्यानं वडा हुंगला आणि कान खाजवला.

आता कांबळीविषयी. बाबांचं अंथरूण दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा मी कांबळ ओढून घेतली. "कुत्र्यासाठी," म्हटलं. त्याचं रोजचं गोणपाट कुठं दिसत नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. पडवीत कुणी नसताना मी खाटेखाली हात घालून ती थोडी बाहेर ओढायची. कशासाठी, ते इथं सांगायचं कारण नाही.

चौदाव्या दिवशी मी आत्येला न विचारता टिपरला उचललं आणि भिकाजीच्या पिकअपमध्ये बसले. भिकाजी आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. सिंधुदुर्गातला. पूर्वी खाणीवर टिपर ट्रक चालवायचा, आता भाजी आणि विटा वाहतो.

डिचोलीच्या वाटेवर तो म्हणाला, "बाय, खरा सांगू? ही लूत."

"कशावरून?"

"नवरात्रातच कानार दिसली होती. तुमच्या बाबांका म्हायत होती."

"मग इतके दिवस बोललात का नाही?"

"चाळीस माणसां हात जोडून उभी. त्यात मी लूत म्हणान बोंब मारू?" त्यानं गिअर बदलला. "माका ह्या गावात ऱ्हवाचा आसा."

डॉक्टर तनया तिशीच्या आतल्या असाव्यात. त्यांनी हातमोजे चढवले, टिपरचा कान दुमडला आणि कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली. त्याबरोबर टिपरचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, सायकल चालवल्यासारखा.

"हे केलं की बहुतेक कळतंच," त्या म्हणाल्या. "तरी बघू." पात्यानं कोपराची कातडी थोडी खरवडून त्यांनी काचेवर घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात बघून मला बोलावलं. गोल, पारदर्शक, आखूड पायांचा एक जीव सावकाश सरकत होता. बाराव्याला ह्याचंही पान वाढलं होतं तर.

"खरूज आहे. कातडीत बिळं करून राहतात हे किडे. सारखी खाज, आणि सुरुवात नेहमी कानांच्या कडा, कोपरं, पोट. केस गेल्यावर लोक आणतात. खरं तर खाज सुरू झाली की आणायला हवं." त्या बोलता बोलता वही उलटत होत्या. "नाव टिपर ना? सर्वण? ह्याला तर एकदा आणलं होतं. कृष्णनाथ म्हणून होते."

"माझे वडील."

"तीस सप्टेंबरला पहिलं इंजेक्शन दिलं. दुसरं चौदा ऑक्टोबरला होतं. ते आलेच नाहीत."

"बारा तारखेला गेले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी वहीकडे बघितलं. बाबांच्या नावापुढे त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गोणपाट जाळलं, फोनवर कळवलं. विहिरीमागे जमिनीवर एक काळं वर्तुळ होतं ते मी आल्यापासून बघत होते. कुणी पाचोळा पेटवला असेल असं वाटलं होतं.

"माणसांनी हात लावला का ह्याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दर्शनाला आले तेवढ्यांनी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, "माणसांत ती फार दिवस टिकत नाही, पण खाज भरपूर येते. कुणाला आली तर डॉक्टरकडे पाठवा. आणि कुणीही काही सांगितलं तरी ह्याला गाडीचं जळकं ऑइल लावू देऊ नका. चाटतात, पोटात जातं. तसली दोन कुत्री मी गेल्या वर्षी घालवली." मग इंजेक्शन दिलं, आठवड्यातून एकदा लावून धुवायचं औषध दिलं. "झोपतो कशावर?"

"कांबळीवर."

"उकळत्या पाण्यात धुवा, तीन दिवस कडक उन्हात टाका. नाहीतर सरळ जाळून टाका."

"बरं," मी म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा पडवीत आत्या होती आणि रुद्रेश. तालमीहून तसाच आला होता, मखमली अंगरखा घातलेला. बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या आणि तो दोन्ही हातांनी दोन्ही हात खाजवत होता.

"मखमल उबदार गे," तो मला म्हणाला. "घाम येता."

"कमरेलाही खाज येते का?"

"तुका कशी कळली?"

मी सांगितलं. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आत्येनं निऱ्या उचलल्या आणि दोन पावलं मागे झाली. पंधरा मिनिटांत टिपर फणसाखाली बांधला गेला. त्याचा हार खराट्याच्या टोकानं उचलून फेकण्यात आला. जानकीनं कुंपणावरून सांगितलं की आपण पहिल्यापासून लांबच उभ्या होतो. सकाळी ज्याच्या कपाळाचं कुंकू डोळ्यांना लावत होते त्याच्या दिशेनं आता कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. रुद्रेश भिकाजीच्या पिकअपमागून काळ्या ऑइलचा डबा आणि एक चिंधी घेऊन आला.

"ते ठेव खाली," मी म्हटलं.

"ताई, खाणीवर सगळ्या कुत्र्यांका हाच लावतत. तीन दिवसांत खलास."

"लूत की कुत्रा?"

भिकाजी हसला. रुद्रेश मात्र टिपरच्या दिशेनं चालत राहिला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"लूत तुलाही आहे," मी म्हटलं. "आण तो डबा. आधी तुझ्यापासून सुरुवात करू. कंबर उघडी कर."

आमच्यात मी कधी आवाज चढवत नाही, आणि आत्ताही चढवला नव्हता. त्यानं डबा खाली ठेवला, अंगरख्याच्या बाह्या खाली केल्या, आणि लगेच पुन्हा वर केल्या.

"म्हणजे केस दिल्यान नाय?" मागून आत्येनं विचारलं.

"नाही."

"थोडेसुद्धा नाय?"

मी वळून बघितलं. ती खाटेच्या कडेवर बसली होती. इतके दिवस मी धरून चालले होते की तिनं हे रुद्रेशसाठी, नाकासाठी रचलं. तिच्या चेहऱ्यावरून तसं काही दिसत नव्हतं. कुणीतरी आपल्या भावासाठी केस दिले असं तिला खरंच वाटलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. एवढं बोलून मी आत गेले.

मी रजा वाढवली. टिपरला न्हाणीशेजारच्या खोलीत ठेवलं, दर आठवड्याला औषधाच्या पाण्यानं धुतलं, दहा मिनिटं अंगावर ठेवून मगच कोरडं केलं, बगला आणि पंजे दोनदा. हात लावला की हात धुतले. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही, तसं कुणी येतही नव्हतं. रुद्रेशला मलम मिळालं. हे सगळं मी काटेकोर केलं आणि करताना मनात गावाला नावं ठेवत राहिले. नावं ठेवायला जागा भरपूर होती.

कांबळ मात्र रविवारी धुवायची असं ठरवलं होतं. रविवारी ढग होते. पुढच्या रविवारी ऊन होतं, पण टिपर तिच्यावर निजला होता आणि मला त्याला उठवावंसं वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टर तनयांनी त्याला पुन्हा तपासलं. कानांच्या कडेला बारीक लव आली होती, पण पोट आणि कोपरं पुन्हा लाल होती. काचेखाली पुन्हा तो गोल जीव होता, गेल्या खेपेइतकाच निवांत.

"औषध लागू पडतंय," त्या म्हणाल्या. "पण कुठून तरी नव्यानं लागतंय. अंथरूण धुतलं ना?"

"धुतलं," मी म्हटलं.

त्यांनी वहीत लिहिलं. बाबांच्या ओळीखाली: अंथरूण धुतलं. वरची ओळ खरी होती, खालची खोटी, आणि अक्षर दोन्हींचं सारखंच सुबक.

परतीच्या वाटेवर भिकाजी काहीबाही सांगत होता. मी ऐकत नव्हते. आत्येनं जे सांगितलं होतं ते तिला दिसलं होतं. रुद्रेशनं केस वाचवले, सगळ्यांसमोर वाचवले. जानकी नेहमी जे वाऱ्यावर असतं ते बोलते. ह्या सगळ्यांना मी महिनाभर वरून बघत होते. आणि टिपरला पुन्हा पुन्हा लूत घालत होते ती मी, रोज, स्वतःच्या हातानं अंथरून. त्यातून माझं कारण त्यांच्यापेक्षा चांगलं होतं असंही नाही. कांबळीला खोबरेलाचा आणि तपकिरीचा वास होता, एवढंच.

घरी आल्यावर मी न्हाणीतली चूल पेटवली आणि मोठं भाणं पाण्यानं भरून वर ठेवलं. पाणी उकळायला लागल्यावर कांबळ आत सोडली आणि दांड्यानं खाली दाबली. पाणी लाल झालं. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्यात धूळ होती. दोनदा पाणी बदललं, दोनदा ते लाल झालं.

ओली कांबळ एकट्यानं पिळता येत नाही. मी विहिरीच्या कट्ट्यावर तिच्याशी झटत होते तेव्हा आत्या आली. महिन्याच्या श्राद्धापर्यंत ती राहिली होती. तिनं काही न विचारता दुसरं टोक धरलं. आम्ही उलट दिशांना पीळ देत गेलो.

"ह्येका भावाचो वास होतो," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"तू न्हायला गेलंस काय मी खाटेखाली हात घालीत होतंय."

मी पीळ सैल सोडला. पाणी आमच्या दोघींच्या पायांवर पडलं.

"मग धुवून टाक असं म्हणाली का नाहीस?"

"तू म्हणालंस?"

तिच्या मनगटावर बारीक लाल दाणे होते. माझ्याही होते; चार दिवस मी लांब बाह्यांचे कपडे घालत होते. दोघींनी बघितलं आणि विषय काढला नाही. कांबळ वलणीवर टाकली. टिपर बाहेर आला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला हुंगत गेला, आणि मग उन्हात पायरीवर जाऊन पडला. आत्येनं आतून तांदळाचं रिकामं गोणपाट आणलं, झटकलं, आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर ठेवून मागे सरली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. "अंथरूण धुतलं," म्हटलं.

"ते तुम्ही सांगितलं होतंत."

"आता धुतलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "वहीत तारीख बदलते."

रजेच्या शेवटच्या रविवारी चहा झाल्यावर मी टिपरला पायरीवर आडवं केलं आणि अंगठ्यानं केस उलटे फिरवत गेले, शेपटीकडून मानेकडे. मला ते नीट जमत नव्हतं. मध्येच तो उठायला बघायचा. आत्या अजून राहिलेलीच होती, खाटेवर बसून बघत होती.

"काय दिसता?" तिनं विचारलं.

"केस येतायत. कोपरावरसुद्धा."

ती उठून जवळ आली, वाकून बघितलं, हात पाठीमागे धरूनच.

"रुद्रेशाक सांगू नको," ती म्हणाली. "परत व्हिडिओ काढीत."